दीड इंच कमी

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, शिवणकामाचा. मी साठ इंच लांब आहे, निदान माझ्या अंगावर तसं लिहिलेलं आहे. माझ्या दोन्ही टोकांना पूर्वी पितळेच्या पट्ट्या होत्या. आता एकच उरली आहे आणि दुसऱ्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके आहेत. पहिल्या पाच इंचांचे आकडे बोटांनी पुसून गेले आहेत. ती बोटं ज्यांची होती, त्यांची आणि माझी ही गोष्ट आहे.

माझा एक दोष मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. तुम्ही म्हणाल, हातभर चिंधीला कसला आला मत्सर? पण बावीस वर्षं एकाच माणसाच्या गळ्यात राहून बघा, आणि मग एक दिवस खिळ्याला लटकून बघा.

कुठल्याशा कारखान्यात लांबलचक मेणकापडावर आकडे छापून मला कापलं गेलं, एवढंच मला जन्माबद्दल आठवतं. गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. शिवणक्लासची परीक्षा पास झालेल्या रत्नमालाबाईंनी मला उचललं, दोन्ही हातांत ताणून पाहिलं आणि तिथेच गळ्यात घातलं. दुकानदार हसला. त्या हसल्या नाहीत. शिवणयंत्र त्यांनी पुढे दोन वर्षांनी घेतलं, पण त्या शिवणकाम करतात हे लोकांना कळलं ते माझ्यामुळे.

त्यांचं घर भीमनगरात होतं. पती कचरू वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जात आणि एक मुलगी होती, विशाखा. वर्षभर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश असं काम चाले. पण आमचा खरा हंगाम बुद्धपौर्णिमेच्या आधी. वस्तीतल्या विहारात महिला मंडळाच्या सगळ्या बाया त्या दिवशी पांढरी साडी नेसून येत, आणि त्या साड्यांवरचे पांढरे ब्लाउज रत्नमालाबाई शिवत. कोणाची बाही किती, कोणाचा गळा किती, सगळं एका लांब वहीत लिहिलेलं असे. वही जाड होत गेली तशा बायाही होत गेल्या. मला सगळ्यांचं ठाऊक होतं आणि मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

रत्नमालाबाईंचा एक नियम होता. शिकायला येणाऱ्या मुलींना त्या पहिल्या दिवशी सांगत, "ज्या टेपनं अंगाचं माप, त्याच टेपनं कापडाचं. दोन टेप एकात मिसळायचे नाहीत." मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

लहानपणी विशाखा माझ्याशी खेळे. मला ती दोरी समजून उड्या मारी. शेजारच्या मुलीशी रस्सीखेच करताना मला एकदा असं ओढलं की एक पितळी पट्टी निखळून गटारात गेली. बाईंनी तिला एक धपाटा घातला आणि मला टाके घातले. तेव्हापासून मी हळूहळू सैलावत गेलो असणार. वर्षानुवर्षांचा घाम होता, ताण होता. मला स्वतःला ते कळलं नाही. आपण वाढलो हे आपल्याला शेवटी कळतं.

ते उघडकीला आलं शेजारच्या करुणाबाईंमुळे. त्यांच्या भाचीचं माप जालन्याहून फोनवर आलं होतं. बाईंनी माझ्यावर मोजून कापड बेतलं, ब्लाउज शिवला. करुणाबाई तो घेऊन परत आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "रत्नमाला, अगं यात भाची आणि मी दोघी मावू! शिवाय वर मांजर!"

बाईंनी मला विशाखाच्या शाळेतल्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून इंच-इंच तपासलं. मी दोन इंच लांबलो होतो. जिथे शेहेचाळीस असायला हवे तिथे माझ्या अंगावर साडेचव्वेचाळीस दिसत होते.  दुसऱ्या दिवशी घरात नवा टेप आला. पिवळाधमक, न ताणणारा, अंगावर एक सुरकुती नाही. तो त्यांच्या गळ्यात गेला आणि मी यंत्रामागच्या खिळ्याला.

मला वाटलं, याहून मोठा अपमान होणार नाही. मग वजनकाटा आला.

तो विशाखाने आणला, क्रांती चौकातून, नोकरीच्या पहिल्या पगारात. ती कॉलेजात शिकवायला लागली होती. काटा काचेचा, पाय ठेवला की लाल आकडे उजळणारा. "आई, तुझ्या डाएटसाठी," ती म्हणाली.

बाईंचं ते डाएट कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. पौर्णिमेला त्या उपोसथ धरत, अष्टशील घेत. त्या दिवशी दुपारी बारानंतर जेवायचं नाही. एका पौर्णिमेला संध्याकाळी पायऱ्या चढताना त्यांना अंग हलकं वाटलं. त्या कचरूंना म्हणाल्या, "महिन्यातून एक दिवस दुपारनंतरचं सुटतं, मग रोज दिवेलागणीनंतरचं का सुटू नये?" तिथून सुरुवात झाली. चहातली साखर गेली. तीन भाकऱ्यांची एक झाली. ताटात डाळ, पालेभाजी, काकडी वाढली. पहाटे विद्यापीठातून बुद्धलेणीच्या पायथ्यापर्यंत चालणं सुरू झालं. चौदा महिन्यांत त्या बारा किलोंनी उतरल्या.

आणि श्रेय कोणाला मिळालं? काट्याला! रोज सकाळी त्या त्याच्यावर उभ्या राहत, आकडा बघून हसत, आणि कचरूंना हाक मारत. मी खिळ्यावरून बघत असे. वजन म्हणजे काय, मित्रांनो? पाण्याचा तांब्या पिऊन उभं राहिलं तरी वाढतं. अंग कुठे उतरलं, कुठे सैल पडलं, हे टेपच सांगू शकतो. पण मला विचारतो कोण! काट्याच्या बॅटऱ्या एकदा संपल्या तेव्हा मला जो आनंद झाला, तो सांगायची मला लाज वाटते.

बाईंना वाटलं, आपल्याला जमलं ते सगळ्यांना जमेल. मंडळातल्या पाच जणी तयार झाल्या. करुणाबाई पहिल्या. दर पौर्णिमेला विहारातून परतताना, पांढऱ्या साड्यांतच, त्या बाईंच्या घरी येत. काट्यावर वजन, नव्या टेपने पोटाचा घेर, आणि दोन्ही आकडे वहीत. एकमेकींची थट्टा चाले. "तुझा आकडा हलत नाही गं, पुतळा झालीस का?" "हलेल कसा, काल लग्नात जिलेबी कोण हाणत होतं?"

पण बाईंची नजर या पाच जणींवर नव्हती. ती होती सहाव्या बाईवर, जी दाराशी खुर्ची टाकून बसे आणि काट्यावर पाय ठेवत नसे. ती त्यांची मोठी बहीण, कडूबाई, सगळ्यांची आक्का.

आक्का आयुष्यभर सिल्लोडला राहिल्या. गुडघे गेले म्हणून त्या मुलाकडे आल्या, मागच्याच गल्लीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघ्यांचं ऑपरेशन करू, पण आधी नऊ-दहा किलो उतरवा. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत चालणं बंद. लेणीच्या पायऱ्या त्यांनी सहा वर्षांत चढल्या नव्हत्या. आता विहारापर्यंतच्या दोनशे पावलांतही त्या दोनदा बसत. रत्नमालाबाईंना एवढंच हवं होतं, आक्का चालत राहावी.

आणि आक्का ऐकत नव्हत्या. पौर्णिमेची खीर आली की दुसरी वाटी पुढे करत. "दानाची खीर हाय. दानाला नाय म्हणू नये."

"आक्का, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना?"

"मला शिकवू नको, रतन. काल बारीक झालीस, आन आज मास्तरीण झाली व्हय? तुझा गळा बघ, बगळ्यावानी झालाय."

मला आक्कांचं दुखणं लगेच कळलं. मत्सराला मत्सर ओळखू येतो. लहानपणी आक्का म्हणजे खात्यापित्या घरची वाटणारी, देखणी पोर. रतन म्हणजे काडी. मंगळवारच्या बाजारात लोक आक्कांच्या आईला म्हणत, ही मोठी छान आहे हो. आता विहारात बाया धाकटीभोवती गोळा होत, तिला विचारत, तू काय खातेस, कधी खातेस. आणि मोठी दाराशी खुर्चीत. मी खिळ्यावर, त्या खुर्चीत. आमचं दोघांचं छान जमलं असतं.

माघ पौर्णिमेला मात्र आक्का उठल्या. का उठल्या, ठाऊक नाही. करुणाबाईंचं चार किलो उतरल्याचं टाळ्या वाजवून कौतुक झालं, तेच बहुधा झोंबलं असावं. त्या काट्यावर उभ्या राहिल्या, भिंतीला धरून. एकोणनव्वद. नव्या टेपने पोटाचा घेर शेहेचाळीस. बाईंनी वहीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'आक्का'. 

महिनाभर आक्कांनी एक भाकरी खाल्ली. बाई रोज संध्याकाळी मागच्या गल्लीत जाऊन बघून येत. फाल्गुन पौर्णिमेला आक्का सगळ्यांच्या आधी हजर. काट्यावर उभ्या राहिल्या. लाल आकडे उजळले. एकोणनव्वद.

 आक्का खाली उतरल्या. चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "महिनाभर उपाशी मेले, आन हे काचेचं म्हणतंय तू काय केलंच नाय. उद्यापासून मी माझ्या मनाची."

त्या वेळी रत्नमालाबाईंनी जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. नवा टेप त्यांच्या गळ्यात होता. तो त्यांनी काढला, यंत्रावर ठेवला, आणि मागे हात करून खिळ्यावरून मला घेतलं. मला!

"काट्याचं सोड गं, आक्का. तो पाणीबिणी सगळं मोजतो. टेप खरं सांगतो. ये इकडे."

त्यांनी मला आक्कांच्या पोटाभोवती गुंडाळलं. त्यांची बोटं माझ्या पुसलेल्या आकड्यांवर आली. "साडेचव्वेचाळीस! आक्का, दीड इंच कमी!"

"खरं सांगती?"

"हे बघ की तू. वाच."

आक्कांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मान वाकवून माझ्यावरचा आकडा वाचला, आणि पुन्हा वाचला. मग त्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. बाया टाळ्या वाजवत होत्या. आक्का हळूच म्हणाल्या, "व्हय की."

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्यासारखा सुखी कोणी नव्हता. पिवळा टेप यंत्रावर वेटोळं होऊन पडला होता. काट्याचे लाल आकडे विझले होते. 'टेप खरं सांगतो,' बाई म्हणाल्या होत्या, आणि तो टेप मी होतो. मी दोन इंच लांबलो आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही. सुखात सोयीचं तेवढंच आठवतं.

सगळ्या गेल्यावर करुणाबाई मागे राहिल्या. त्यांनी मला उचललं, टोकाचे टाके पाहिले.

"रत्नमाला, अगं हा तर तुझा तो ढिला टेप! ज्यानं माझ्या भाचीचा तंबू शिवला!"

"हळू बोल."

"म्हणजे आक्काचं काही उतरलंच नाही?"

"उतरेल. अजून एक महिना टिकली तर उतरेल. आज सोडलं असतं तर पुन्हा धरलं नसतं तिनं. मी ओळखते तिला."

"आणि तुझा तो नियम? दोन टेप मिसळायचे नाहीत?"

बाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "कपड्याचा नियम आहे तो."

मी खोटा होतो म्हणून मला निवडलं होतं. खिळ्यावर मला परत टांगलं तेव्हा शेजारी पिवळा टेपही होता. त्याने काही म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

पण पुढच्या पौर्णिमेला पुन्हा मलाच घेतलं. आता आक्कांचं माप माझ्यावरच घ्यावं लागणार होतं, नाहीतर लबाडी उघडी पडली असती. आणि मग नवल घडलं. माझ्यावर आकडा खाली येऊ लागला. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. काटाही हलू लागला. सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी. बुद्धपौर्णिमेला आक्का विहारापर्यंत एकदाच बसल्या. खिरीची एकच वाटी घेतली, तीही अर्धीच खाल्ली, आणि उरलेली करुणाबाईंच्या हातात दिली. "घे. दानाला नाय म्हणू नये." श्रावण पौर्णिमेला बाईंनी वहीत लिहिलं, 'आक्का – साडेचाळीस', आणि खाली एक रेघ ओढली. कौतुकाची रेघ त्या फार कमी ओढत.

तो वहीतला बाईंच्या हातचा शेवटचा आकडा.

चार दिवसांनी त्यांना ताप आला. त्या पावसाळ्यात वस्तीत पुष्कळांना आला होता. बहुतेक जण उठले. बाई उठल्या नाहीत. पाच दिवस झाले आणि मग सगळं संपलं. मी खिळ्यावर होतो. घरात खूप माणसं आली, पांढऱ्या कपड्यांत, आणि त्या बायांपैकी कितीतरी जणींच्या अंगावर त्यांनी शिवलेले ब्लाउज होते. त्यांतली प्रत्येक शिवण मला ओळखू येत होती. एवढंच सांगतो.

त्यानंतर विशाखा रोज कॉलेजातून आईच्या खोलीत यायची. यंत्रावरचं कापड काढायची, पुन्हा घालायची. काट्यावर कोणी उभं राहिलं नाही. काटा कॉटखाली सरकवला गेला, आणि मित्रांनो, मला आनंद झाला नाही.

भाद्रपद पौर्णिमेला आक्का आल्या. येत्या रविवारी विहारात रत्नमालाबाईंचं पुण्यानुमोदन, म्हणजे त्यांच्या स्मरणाची वंदना आणि दान, होतं. आक्कांच्या हातात पांढरा ब्लाउज होता.

"इशाखा, हा लई ढगळ होतोय गं. रविवारी असा घालून कशी बसू? तुझ्या आईनं शिवलाय, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाय. तुला येतंय ना थोडं?"

"येतं, मावशी. बसा."

विशाखाने पिवळा टेप गळ्यात घातला. तिने माप घेतलं. मग आक्का म्हणाल्या, "पोटाचंबी घे. आज पौर्णिमा हाय."

विशाखाने घेतलं आणि लिहायला वही उघडली. ती थांबली. "मावशी, एक्केचाळीस. मागच्या वेळी आईनं साडेचाळीस लिहिलंय. म्हणजे वाढलंय." तिने हातातला ब्लाउज पाहिला. "पण हा तर सैल होतोय."

ती शिकलेली मुलगी. तिने वहीची पानं मागे उलटली, माघ ते श्रावण. मग तिची नजर खिळ्यावर गेली. तिने मला काढलं, आक्कांच्या पोटाभोवती गुंडाळलं. पावणेचाळीस. तिने दोन टेप शेजारी शेजारी धरले, आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, एक सांगू? आईनं तुमचं माप..." ती अडखळली. "आई तुमच्याशी खोटं बोलली. हा टेप लांबलेला आहे. फाल्गुनात तुमचं काहीच कमी झालं नव्हतं. मी तिच्या वतीनं माफी मागते."

आक्कांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"मला ठाऊक व्हतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. बाईला तिचं अंग तिचा ब्लाउज सांगतो गं. माझे हूक माघात जसे ताणत व्हते तसेच त्या दिवशीबी ताणत व्हते. दीड इंच गेला कुठं? आन रतनला खोटं बोलता येतंय का? कान लाल झाले व्हते तिचे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आक्का माझ्या टोकाच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. "जन्मभर माझं ऐकणारी पोर, म्हातारपणी माझ्यासाठी खोटं बोलली. बारीक झाली म्हणून मी तिला काय काय बोलले. बगळी म्हणले. आन ती तिचा नियम मोडून बसली. म्हणलं, आता पुढच्या पौर्णिमेला कुणी पिवळ्या टेपनं मोजलं तर? हिचं खोटं चारचौघीत उघडं पडंल. म्हणून मग भाकरी अर्धी केली. दीड इंच उतरूनच राहिले. तिचं खोटं खरं करायचं व्हतं मला. पुढं सवय लागली." मला गुंडाळत त्या म्हणाल्या, "ऑपरेशनला दिवाळीनंतरची तारीख दिलीय डॉक्टरनं. तिला सांगायचं व्हतं."

 विशाखा आक्कांच्या पायाशी बसली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि ब्लाउज हातात घेतला. सवयीने पिवळा टेप ओढला.

"तो नको," आक्का म्हणाल्या. "तिच्या टेपनं कर."

"तो चुकीचा आहे, मावशी."

"आई काय शिकवायची? ज्या टेपनं अंगाचं माप..."

"...त्याच टेपनं कापडाचं," विशाखा म्हणाली.

"मग? अंगावरबी हाच आन कापडावरबी हाच. चुकतंय कुठं?"

विशाखाने माझ्यावरच आक्कांचं अंग मोजलं, माझ्यावरच कापड मोजलं, दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या आणि यंत्र सुरू केलं. इतक्या दिवसांनी घरात तो आवाज झाला. कचरू दारात येऊन उभे राहिले आणि शिवण संपेपर्यंत तिथेच थांबले. ब्लाउज आक्कांना असा बसला की करुणाबाई तिथे असत्या तर त्यांनाही काही बोलायला सापडलं नसतं.

मित्रांनो, टेपला दोरी समजून ओढू नका, उन्हात टाकू नका, खिळ्याला टांगलात तर मधोमध टांगा. आणि तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू किंवा एखादं जुनं माणूस थोडं कमी-जास्त दाखवत असेल, तर फेकायची घाई करू नका. ते कितीने चुकतं, तेवढं समजून घ्या. मग त्याच्याकडूनही नीट बसणारं काम होतं.

मी आता विशाखाच्या गळ्यात असतो. मंडळातल्या बायांनी पौर्णिमेचं माप तिने घ्यावं असं ठरवलं आहे. काटा कॉटखालून निघाला आहे, आणि आमचं दोघांचं बरं चाललं आहे. पिवळा टेप खिळ्यावर आहे. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती मला चांगली ओळखीची आहे. कधी विशाखा त्याला घ्यायला हात करते, तेव्हा मी थोडा बाजूला सरकतो.